एक्स्‌एम्‌एल संहितेतील पाठभेद आणि रेग्युलर एक्स्प्रेशन : एका पद्धतीची चिकित्सा

हस्तलिखितांच्या संगणकीय आवृत्त्या सिद्ध करण्याचा उद्योग आता विद्यापीठीय संशोधनात रुळला आहे. १९८७ साली सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हने पाठभेद नोंदविण्याची जी रीत घालून दिली, ती आज एक्स्‌एम्‌एलमध्ये राबविली जाते. प्रत्येक पाठाच्या आधी आरंभखूण व नंतर अंत्यखूण असते. या खुणांमधील मजकूर वेचण्यासाठी अनेक अभ्यासक रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे अक्षरक्रम जुळविणाऱ्या नमुन्याचा, आश्रय घेतात. ही सवय कोठवर ग्राह्य मानावी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

तिच्याविरुद्ध नेहमी मांडला जाणारा आक्षेप तात्त्विक आहे. स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ज्या ‘नियमित’ रचनांचा विचार केला, त्यांना एकात एक कितीही खोल गुंतलेल्या खुणांचा हिशेब ठेवता येत नाही. आणि एक्स्‌एम्‌एलचा तर तोच स्वभाव होय. आक्षेप खरा, परंतु अपुरा. पर्लमधील आजचे नमुने स्वतःचेच आवर्तन करू शकतात. ते क्लेनींच्या मर्यादेत राहिलेलेच नाहीत. शिवाय ज्याला आपली संहिता साधी आहे असे वाटते, तो प्रमेयाने बधत नाही. त्याला दोष उदाहरणानेच दाखविला पाहिजे.

समजा, संपादकाने पुढील नोंद केली आहे. (एक्स्‌एम्‌एलमध्ये खुणांची नावे देवनागरीतही देता येतात.)

<नोंद><पाठ>राम <नोंद><पाठ>वनी</पाठ><पाठ>वनां</पाठ></नोंद> गेला</पाठ><पाठ>राम निघाला</पाठ></नोंद>

येथे पाठ चार आहेत. त्यांपैकी दोन पहिल्याच्या पोटात आहेत. आता <पाठ>(.*?)</पाठ> हा सर्वपरिचित नमुना लावून पाहावा. तो भेटेल त्या पहिल्या अंत्यखुणेशी थांबतो आणि तीनच पाठ हाती देतो. उरलेल्या खुणा पुसून टाकल्या, की त्यांतील पहिला ‘राम वनी’ असा दिसतो. हा पाठ कोणत्याही पोथीत नाही. तो नमुन्याने निर्माण केला आहे! प्रश्नचिन्ह काढून टाकावे, तर सबंध ओळीचा एकच पाठ होतो. या दोन्ही वेळी संगणक चूक झाल्याचे सांगत नाही. ‘राम वनी’ हे वाचताना खटकतही नाही, आणि म्हणूनच ते पाठभेदांच्या तक्त्यात व तेथून प्रबंधात निर्वेधपणे जाऊन बसते.

गुंतागुंत नसली तरी धोका टळत नाही. संपादकाने टिप्पणीच्या खुणांत झाकून ठेवलेला त्याज्य पाठ नमुना पुन्हा उकरून काढतो. पाठ दोन ओळींवर विभागला असेल, तर तो निमूटपणे गळतो, कारण नमुन्यातील बिंदू एरवी ओळ ओलांडीत नाही. आरंभखुणेत पोथीचा निर्देश आला, तरीही तो सुटतो.

पार्सर या सर्व गोष्टी जाणतो. तो संहितेचे झाड उभे करतो. त्या झाडातून नेमका पाठ निवडण्यासाठी एक्स्‌पाथ ही भाषा १९९९ पासून उपलब्ध आहे. ती शिकावयास फारसा वेळ लागत नाही, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

तथापि नमुन्यांना हद्दपार करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. रचनादोष असलेली फाइल आढळताच पार्सरने थांबावे, असे १९९८ च्या मानकाचेच बंधन आहे. मोडकी जुनी फाइल दुरुस्त करताना नमुन्यांवाचून गत्यंतर नसते. त्याचप्रमाणे, पार्सरने पाठ सुटा करून दिल्यानंतर त्यातील शब्द अथवा प्रत्यय शोधणे हे नमुन्याचे खास क्षेत्र होय. मात्र तेथेही देवनागरीचा अभ्यासक निर्धास्त राहू शकत नाही. पायथनबरोबर येणाऱ्या नमुना-ग्रंथालयात ‘शब्दातील अक्षर’ दर्शविणारे चिन्ह काना, वेलांटी वा हलन्त यांना अक्षर मानीत नाही. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हाती येतात. पर्लमध्ये, मजकूर युनिकोड म्हणून वाचला असेल तर, तोच शब्द अखंड राहतो.