जबाब कुणी द्यायचा? : ‘सुपर साइझ मी’ पुन्हा बघताना

मॉर्गन स्परलॉकचा ‘सुपर साइझ मी’ हा माहितीपट २००४ सालचा. चित्रपट न बघितलेल्यांनाही त्याची गोष्ट साधारण ठाऊक असते. एक धडधाकट माणूस ३० दिवस फक्त मॅकडोनल्ड्समध्ये खातो आणि त्याच्या तब्येतीची वाट लागते. दुसऱ्याच दिवशी तो गाडीच्या खिडकीतून ओकतो. महिना संपतो तेव्हा वजन सुमारे ११ किलोंनी वाढलेलं असतं आणि डॉक्टर त्याच्या यकृताची तुलना दारूने बिघडलेल्या यकृताशी करत असतात.

ही तुलना पुढे त्याला फार महाग पडली. डिसेंबर २०१७ मध्ये स्परलॉकने स्वतःच्या गैरवर्तनाची कबुली देणारं एक जाहीर पत्र लिहिलं. गेल्या ३० वर्षांत आपण सलग एका आठवड्याहून जास्त काळ दारूशिवाय राहिलेलो नाही, असं त्यात होतं. चित्रपटात मात्र तो डॉक्टरांना दारू पीत नसल्याचं सांगतो. मग यकृत बिघडलं ते बर्गरने की बाटलीने? २०२४ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी तो कर्करोगाने गेला, तेव्हाही त्याच्याबद्दल लिहिताना हा प्रश्न अनेकांनी काढलाच.

हे सगळं माहीत असताना मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि मला वाटलं की त्याचा तो पुरावा कोसळला ते एका अर्थी बरंच झालं. कारण तो चित्रपटाचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत कच्चा भाग होता. एका माणसाच्या पोटावर अख्खा खटला उभा केला की समोरच्याचं काम सोपं होतं. ‘तुला दिवसाला पाच हजार कॅलरी खायला सांगितलं कुणी?’ एवढं विचारलं की झालं. २००९ मध्ये ‘फॅट हेड’ नावाचा माहितीपट आला. त्यात टॉम नॉटनने महिनाभर फास्ट फूड खाऊन उलट वजन कमी करून दाखवलं. म्हणजे दोन माणसं, दोन पोटं, दोन निकाल. भांडण शेवटी तिथेच येऊन थांबतं जिथे ते थांबलेलं विकणाऱ्यांना हवं असतं: ज्याला जिभेवर ताबा ठेवता येतो तो वाचतो, ज्याला येत नाही त्याचंच नाणं खोटं.

चित्रपटाची सुरुवात ज्या खटल्यापासून होते, तिथेही हाच पेच होता. २००२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन किशोरवयीन मुलींच्या वतीने, त्यांच्या लठ्ठपणाबद्दल मॅकडोनल्ड्सवर दावा दाखल झाला. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी तो फेटाळला. असं खाणं भरमसाट खाल्लं तर अंगाला लागणार हे ज्याला कळतं, किंवा कळायला हवं, त्याला त्याच्याच अतिरेकापासून वाचवणं हे कायद्याचं काम नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला हे पटतं. माझ्या तोंडात घास मीच घालते. तेवढा हक्क मला कुणाला देऊन टाकायचा नाही.

पण त्याच निकालपत्रात एक गमतीचा कंस आहे. मॅकडोनल्ड्समध्ये खायची कुणावर सक्ती नसते, असं लिहून न्यायाधीश पुढे कंसात म्हणतात की अपवाद असलाच तर लहान मुलांच्या आईबापांचा, कारण पोरांना तिथलं खाणं, खेळणी आणि खेळायची जागा हवी असते. त्यांनी हे थट्टेत लिहिलं असेल, पण जाहिरातीचा सगळा कारभार त्या कंसात आलेला आहे. निवड आईबापांची, आणि जाहिरात मात्र पोरासाठी. स्परलॉक लहान मुलांना चित्रं दाखवून ‘हा कोण?’ विचारतो, तो प्रसंग आठवा. येशूच्या चित्राशी मुलं अडखळतात, रोनाल्ड मॅकडोनल्ड या विदूषकाला मात्र लगेच ओळखतात. त्या वयात कसली आलीय ‘वैयक्तिक जबाबदारी’?

हा शब्द तर तेव्हा थेट कायद्याच्या मसुद्यातच जाऊन बसला होता. मार्च २००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं. लठ्ठपणाबद्दल खाद्यकंपन्यांवर दावे करता येऊ नयेत, हा त्याचा उद्देश होता. लोक त्याला ‘चीजबर्गर बिल’ म्हणत. अधिकृत नाव होतं ‘पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी इन फूड कन्झम्प्शन अ‍ॅक्ट’. सिनेटमध्ये ते अडलं. पण नाव बघा: कंपनीला संरक्षण देणारं विधेयक, आणि जबाबदारीची पाटी ग्राहकाच्या गळ्यात.

आता चित्रपटातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. स्परलॉकने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. ‘सुपर साइझ’ म्हणजे मोठा वाटा आपणहून मागायचा नाही, पण काउंटरवरून विचारलं तर नाही म्हणायचं नाही. महिनाभरात त्याला ९ वेळा विचारलं गेलं, त्यातले ५ वेळा एकट्या टेक्सासमध्ये. खाणाऱ्याचं उत्तर एकदा पक्कं करून टाकल्यावर मोजायला उरतं ते फक्त विचारणं. म्हणजे या माणसाने नकळत विकणाऱ्यावर प्रयोग केला होता. त्याने दारू प्यायली होती की नाही, याने हा ९चा आकडा हलत नाही. चित्रपट मात्र ही गोष्ट जाता जाता सांगून पुन्हा वजनकाट्याकडे वळतो. हाच त्याचा खरा दोष.

विचारण्याची ताकद विकणाऱ्यांना फार आधीपासून कळलेली होती. डेव्हिड वॉलरस्टीन हा सिनेमागृहांच्या धंद्यातला माणूस. त्याच्या लक्षात आलं की लोकांना पॉपकॉर्न आणखी हवे असतात, पण ते दुसरी पुडी घेत नाहीत. चारचौघांत हावरट दिसायची लाज वाटते. मग त्याने पुडीच मोठी केली आणि विक्री वाढली. पुढे मॅकडोनल्ड्सच्या संचालक मंडळावर असताना त्याने फ्राइजचा मोठा वाटा आणायचा आग्रह धरला, तो याच अनुभवावरून. म्हणजे लोकांकडे संयम होता. दुसऱ्या पुडीपाशी हात थांबत होता. धंद्याने तो नेमका हेरला आणि त्याला वळसा घालणारी वाट काढली. इतकं झाल्यावर ‘तुम्हीच संयम ठेवा’ असं सांगणं म्हणजे कुलूप फोडणाऱ्याने घरमालकाला सावध राहण्याचा उपदेश करण्यासारखं आहे.

दिवसाला तीन म्हणजे महिन्याची ९० जेवणं, त्यांत ९ वेळा विचारणा. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटतो. काउंटरवरचा मुलगा दमतो, विसरतो, कधी गिऱ्हाइकाकडे बघून गप्प बसतो. हातातला फोन विसरत नाही. संध्याकाळी भुकेच्या वेळेला त्याचं नोटिफिकेशन येतं. मागवायला गेलं की ‘यासोबत हेही घ्या’ येतं. थोडे पैसे कमी पडले की ‘एवढ्याचं आणखी घ्या, डिलिव्हरी फुकट’ येतं. आपल्याकडे २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ मुलांना विकायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घातली. नियम चांगलाच आहे. पण दप्तरातल्या फोनला मीटर लागू होत नाहीत.

याला उपाय म्हणून कुणाच्या हातातला वडापाव काढून घ्यायची गरज नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८० पासून १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायलाच बंदी घातली आहे. खाणाऱ्यावर काहीच बंधन नाही, बंधन आहे ते विचारणाऱ्यावर. स्परलॉकच्या ९ वेळांचं महत्त्व त्या कायद्याने त्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

जबाबदार म्हणजे जबाब देणारा. मी काय खाल्लं, याचा जबाब मी देईन. पण मला दिवसातून किती वेळा, कुठल्या वेळी, काय हेरून विचारलं गेलं, हे माझ्या ताब्यात नाही. त्याचा जबाब ज्याने विचारलं त्याच्याकडे मागायला हवा. ‘सुपर साइझ मी’ बघणार असाल, तर वजनकाट्याची दृश्यं खुशाल पुढे ढकला. काउंटरपलीकडून कोण, केव्हा, काय विचारतं, त्याकडे लक्ष ठेवून बघा.