क्रम आणि अवलंबन
‘शिसे ओतून पाया घातला, पाया घालून तट बांधला’ : १६६४ साली मालवणनजीक आरंभलेल्या सिंधुदुर्गाविषयी असे वाक्य सहज लिहिता येते. त्यातील ‘ऊन’ प्रत्यय केवळ पौर्वापर्य दाखवितो. तट पायावर अवलंबून आहे, हे वाचक स्वानुभवाने जाणतो. यंत्राला तो अनुभव नाही. सर्व्हरांची मांडणी राखणाऱ्या ‘पपेट’च्या भाषेत ‘रिक्वायर’ हा शब्द ते अवलंबन उच्चारतो : आज्ञावली बसविण्यात अपयश आले, तर तिच्यावर विसंबलेली सेवा सुरू करण्याचा प्रयत्नच होत नाही. तथापि २०१५ च्या चौथ्या आवृत्तीपासून, संबंध न सांगितल्यास, लेखनक्रम हाच अंमलाचा क्रम मानला जातो. ही सोय फसवी होय. नुसत्या क्रमात पाया खचला तरी तटाचे काम चालूच राहते. क्रम पाळला म्हणजे अवलंबन सांगितले, असे नव्हे.