संगणकप्रणालीच्या रचनाकाराची व्यावसायिक पार्श्वभूमी : 'मुसाफिर'च्या निमित्ताने

अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' हे आत्मचरित्र महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा यशोगाथा म्हणून वाचले जाते. प्रस्तुत लेखात ते एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुषंगाने वाचले आहे : बँका, कारखाने यांच्या व्यवहारांसाठी संगणकप्रणाली उभारताना तिची मूळ रचना ठरविणारा सॉफ्टवेअर आर्किटेक्ट कोणत्या पार्श्वभूमीतून घडतो?

गोडबोले सोलापूरचे. १९७२ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी, नंतर शहाद्याची आदिवासी चळवळ, दहा दिवसांचा तुरुंगवास आणि मग सॉफ्टवेअर. रूढ वाचनात चळवळीचा कालखंड हा मुख्य रस्ता सोडून घेतलेले वळण ठरतो. हे वाचन अपुरे आहे. अर्थात, चळवळीमुळेच ते सॉफ्टवेअरमध्ये यशस्वी झाले, असे म्हणणेही घाईचे होईल. शिवाय पुढे ते प्रामुख्याने कंपन्यांच्या व्यवस्थापनात राहिले. फकीरचंद कोहली हेही विद्युत अभियंता. टाटा इलेक्ट्रिकमधील विद्युतभार-वितरणाच्या कामातून ते १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टी.सी.एस.कडे आले. तथापि, संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी तेव्हा देशात रुळलेली नसल्याने अन्य क्षेत्रांतून येणे ही त्या पिढीची अपरिहार्यता होती, धोरण नव्हे. या बाबीकडे गौरवपर लेखनात सर्रास दुर्लक्ष होते.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) या ग्रंथात रचनाकाराला वापरकर्त्याचा प्रतिनिधी मानले आहे. वापरकर्ता म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न मात्र दिंद्रुड परिसरातून पाहता अवघड होतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती त्या कोयत्याला. समजा, या व्यवहाराची संगणकप्रणाली करावयाची आहे. नोंदीचे एकक 'कोयता' ठेवले, तर स्त्रीच्या श्रमाला, वयाला, अपघाताला स्वतंत्र ओळच उरत नाही. एकक 'व्यक्ती' केले, तर एकत्रित उचल दोन नावांशी कशी जोडावी, हे ठरवावे लागते. हा निर्णय प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी होतो. संगणकशास्त्राचा पदवीधर दोन्ही रचना सफाईने करील. परंतु निवड करावयाची आहे हेच त्याच्या लक्षात येईल, याची खात्री देता येत नाही.

आपल्या महाविद्यालयांत वाणिज्याच्या विद्यार्थ्याला टॅली शिकवून आपण थांबतो, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला संगणक प्रयोगशाळेत बोलावतही नाही. विदासंचाची मांडणी, तर्कशास्त्र, प्रोग्रामिंग यांचे कष्ट कोणालाच चुकणार नाहीत. अनुभव हा त्यांना पर्याय नाही. पण ऊसतोड कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याला हे सारे शिकविले, तर दोघांपैकी एक जण आजारी पडून अर्ध्या हंगामात गावी परतल्यास उचलीची बाकी कोणाच्या नावे राहते, हे त्याला वर्गात सांगावे लागणार नाही.