शरीराचा शेजार

कवितासंग्रहाची समीक्षा होते, वेबसिरीजची तर रात्रीतून होते. हृदय कसं चालतं हे दाखवणाऱ्या व्हिडिओची मात्र कुणी करत नाही. खरं तर आमच्या केदारखेड्यासारख्या गावात नीटची तयारी करणारी पोरं शरीर शिकतात ती पाठ्यपुस्तकातून आणि मोबाइलवरूनच. म्हणून मी हे व्हिडिओ पुस्तकासारखे तपासतो.

मोजपट्टी एका जुन्या पुस्तकाची घेतो. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ १८५८ साली लंडनमध्ये निघालं. मजकूर हेन्री ग्रे यांचा, ३६३ चित्रं हेन्री व्हँडाइक कार्टर यांची. त्याच साली कार्टर मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढची जवळपास तीस वर्षं त्यांनी भारतातच काम केलं. त्यांच्या चित्रांत मला दोन गोष्टी दिसतात. नाव बऱ्याचदा थेट त्या भागावरच छापलेलं असतं. बाण धरून कोपऱ्यात शोधायला जावं लागत नाही. आणि रक्तवाहिनी काढली, तर तिच्या आजूबाजूला काय आहे तेही काढलेलं असतं. पुस्तक शल्यचिकित्सकांसाठी होतं. चाकू चालवणाऱ्याला शेजार माहीत नसेल तर कसं चालेल?

आताचे थ्रीडी व्हिडिओ नेमके इथे कमी पडतात. हृदय काळ्या पोकळीत एकटंच फिरतं. झडपा उघडतात-मिटतात, ते पुस्तकाला कधीच जमलं नसतं; याचं श्रेय द्यायलाच हवं. पण हृदयाच्या मागूनच अन्ननलिका जाते, खाली श्वासपटल आणि त्याखाली लगेच जठर, हे दिसत नाही. छातीत दुखलं की ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून रात्र काढणारी माणसं प्रत्येक गावात असतात. हा शेजार ठाऊक असला, तर निदान शंका तरी येईल आणि दवाखाना गाठला जाईल.

जनावरांचं तर विचारूच नका. पाठ्यपुस्तकात गाईच्या पोटाचे चार कप्पे एका ओळीत मांडलेले असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. यादी पाठ होते, मार्क मिळतात. पण गाय घास नीट न चावताच गिळते, वैरणीतली तार जाळीपोटात जाऊन बसते आणि जाळीपोटाच्या पुढे फक्त श्वासपटल, त्यापलीकडे हृदय. पोटातली तार हृदयात घुसते ती अशी. कोठीपोट डाव्या अंगाला असतं, म्हणून पोटफुगीत डावी भकाळी फुगते. गोठ्यातल्या माणसाला भकाळी कळते, पोराला कप्प्यांची नावं येतात. दोघांना जोडणारा व्हिडिओ मला अजून सापडलेला नाही.

दुसरा मुद्दा नावांचा. बरेच व्हिडिओ हिंदीत आहेत. मराठीत ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. आणि हिंदीतला ‘स्नायु’ कुठे हाडांना जोडणारा अस्थिबंध, तर कुठे चक्क चेतातंतू. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून पोरगं थांबत नाही. अर्थ मात्र दुसरीकडेच गेलेला असतो. अनोळखी इंग्रजी शब्द यापेक्षा बरा, तो निदान अडवतो तरी. नीटचा पेपर मराठीत देता येतो, पण त्या पेपरापर्यंत नेणारा रस्ता दोन-तीन भाषांतून जातो आणि वळणावर पाटी नाही.

निळ्या रंगाचंही तेच. अशुद्ध रक्त निळं दाखवायचा संकेत सोयीचा आहे, पण ‘हा फक्त संकेत आहे, रक्त लालच असतं’ हे एक वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात.

तेव्हा पुढचा व्हिडिओ बघताना तीन गोष्टी तपासा. अवयव एकटा आहे की शेजाऱ्यांसह? चित्रातली डावी बाजू शरीराची उजवी, हे सांगितलंय का? आणि शब्द कोणत्या भाषेतला? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर सबस्क्राइब करा. नाहीतर पाठ्यपुस्तक उघडं ठेवा आणि बोट आपल्याच बरगड्यांवर.