‘द टार्गेट’ : ‘फितुरी’च्या संकल्पनेची चिकित्सा

डेव्हिड सायमननिर्मित ‘द वायर’ या अमेरिकी मालिकेचा ‘द टार्गेट’ हा पहिला भाग २ जून २००२ रोजी एचबीओ वाहिनीवर प्रक्षेपित झाला. बाल्टिमोर शहरातील अंमली पदार्थांचा व्यापार हा मालिकेचा विषय असला, तरी या भागाचा गाभा साक्षीदार हाच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खुनाच्या खटल्यात डी’अँजेलो बार्क्सडेलविरुद्ध दोन साक्षीदार आहेत. टोळीचे लोक न्यायालयात बसलेले असताना सुरक्षारक्षक नकीशा लाइल्स आपला जबाब फिरवते. विल्यम गँट मात्र आरोपीस ओळखतो. आरोपी निर्दोष सुटतो आणि अखेरीस गँटचा मृतदेह आढळतो.

जबाब फिरवणाऱ्यास मराठीत ‘फितूर’ म्हणतात. शत्रूस सामील झाल्याचा दोष या शब्दातच गृहीत आहे. नकीशा मात्र कोणास सामील होत नाही. ती केवळ जीव वाचवू पाहते. गँटची हत्या तिच्या भयाची यथार्थता सिद्ध करते.

हे भय काल्पनिक नव्हते. ऑक्टोबर २००२ मध्ये बाल्टिमोरमध्येच, अंमली पदार्थ विकणाऱ्यांविरुद्ध पोलिसांकडे तक्रारी करणाऱ्या एका कुटुंबाचे घर पेटवून देण्यात आले. आईवडील व पाच मुले अशा सात जणांचा त्यात अंत झाला.

या भागाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. गँटच्या मृत्यूचा आघात आपण डी’अँजेलोच्या चेहऱ्यावर पाहतो. स्वतः गँट साक्षीपुरताच उरतो. न्यायव्यवस्थेनेही त्याच्याकडून तेवढेच घेतले होते.