तिसऱ्यांदा ओलांडलेले तळे

पहाटेचे धुके, हालचाल नसलेले तळे आणि डावीकडून उजवीकडे संथ सरकणारी लाल कनू. वल्हे वर येते, पात्याच्या टोकावरून थेंबांची ओळ पाण्यावर पडते, वल्हे पुन्हा बुडते. थोड्या वेळाने कनू एका खडकाळ टोकाआड दिसेनाशी होते. पाहणाऱ्याला वाटते, गेला बाबा एकटाच, दूर कुठेतरी. प्रत्यक्षात टोकाआड गेलेला हा गृहस्थ तिथेच कनू वळवतो, वल्हवत माघारी येतो, काठावर उतरून ट्रायपॉडवरचा कॅमेरा बंद करतो, सगळे आवरून कनूत ठेवतो आणि तेच पाणी तिसऱ्यांदा कापू लागतो.

कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात आणि सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या मिनेसोटात दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस कनूने, म्हणजे निमुळत्या हलक्या नावेने, भटकायची जुनी रीत आहे. एक तळे संपले की कनू पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि जंगलातल्या पायवाटेने पुढचे तळे गाठायचे. या वाटेला पोर्टाज म्हणतात. सामान एका खेपेत उचलले जात नसेल तर जा, परत या, पुन्हा जा. म्हणजे एका किलोमीटरच्या पोर्टाजला तीन किलोमीटरची चाल. ती चाल चित्रित करायची तर आधी पुढे जाऊन कॅमेरा लावायचा, मग मागे येऊन कनू उचलायची आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्यासमोरून जायचे. एकांत हा या चित्रपटप्रकाराचा प्राण आहे आणि त्याची सर्वांत मोठी थापही तीच आहे. ही थाप कोणी कशी निभावली, कोणी उघड मान्य केली आणि कोणी विकली, हे पाहत गेले की या कलेचा आजवरचा प्रवास बऱ्यापैकी हाती लागतो.

सुरुवात बिल मेसनपासून करणे भागच आहे. 1929 मध्ये विनिपेगला जन्मलेला हा चित्रकार पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी लघुपट करू लागला. 1966 च्या ‘पॅडल टू द सी’मध्ये माणूस जवळजवळ नाहीच. एका मुलाने कोरलेली लाकडाची चिमुकली कनू सुपीरियर सरोवराच्या उत्तरेकडून निघते आणि महासरोवरे पार करून समुद्राला मिळते. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेल्या या लघुपटाने मेसनला एक गोष्ट शिकवली असावी: कॅमेरा पाण्याच्या पातळीवर आणला की हातभर लाटही डोंगराएवढी होते. त्याचे पुढचे बरेच चित्रण याच उंचीवरून झालेले दिसते.

1977 ची ‘पाथ ऑफ द पॅडल’ ही चार भागांची मालिका म्हणजे खरे तर वल्हवण्याची शिकवणी. एका बाजूने वल्हे मारले की कनूचे नाक दुसऱ्या बाजूला वळते, हे तिथे पहिल्या धड्यात कळते. मग येतो तो प्रसिद्ध फटका. वल्हे मागे ओढत आणायचे आणि शेवटच्या क्षणी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पाते किंचित बाहेर ढकलायचे. पाण्यात इंग्रजी ‘जे’ अक्षर उमटते आणि नाक सरळ राहते. मेसन हा फटका नुसता समजावून सांगत नाही, पुन्हा पुन्हा दाखवतो. मनगटाचे वळण, पात्यामागचा भोवरा आणि सोळा फुटी ‘प्रॉस्पेक्टर’ कनूची सुतासारखी चाल एकाच चौकटीत दिसतात. शिकवणीचा पट इतका देखणा होऊ शकतो, याचे श्रेय चित्रकाराच्या नजरेला द्यायला हवे.

त्या काळच्या साधनांचा हिशेबही ध्यानात ठेवायला हवा. जंगलात वागवता येईल असा 16 मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा एकदा पिळला की अर्धा मिनिटही चालत नसे. शंभर फुटांचे रीळ तीन मिनिटांच्या आत संपे. ते अंधाऱ्या पिशवीत किंवा सावलीत चाचपडत बदलायचे, ओल लागू द्यायची नाही, आणि काय टिपले गेले ते कळायला प्रयोगशाळेची वाट बघायची. या टंचाईमुळे आधी ठरवावे लागे आणि मगच बटण दाबावे लागे. 1984 च्या ‘वॉटरवॉकर’ या पूर्ण लांबीच्या चित्रपटात त्याची फळे दिसतात. सुपीरियर सरोवर, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठे, त्याच्या काठाने मेसन फिरतो, तंबूपुढे बसून रंगवतो, चित्र बिघडले की वैतागतो, देवाविषयी बोलतो. सोबतीला ब्रूस कॉकबर्नचे संगीत. चित्रपटात तो एकटा आहे. त्याचा मित्र आणि छायाचित्रकार केन बक मात्र अनेकदा काठावर उभा होता. निवेदन अधूनमधून प्रवचनाकडे झुकते, हेही सांगायला हवे. 1988 मध्ये मेसन गेला, तरी आजही रानातल्या कनूवर कॅमेरा रोखणारा जवळपास प्रत्येक जण कळत-नकळत त्याच्याच चौकटी मांडतो.

खऱ्या-खोट्याचा प्रश्न मात्र मेसनच्याही आधीचा. 1937 मध्ये ‘ग्रे आउल’ या नावाने गाजलेल्या लेखकाने ऑंटारिओतल्या मिसिसागी नदीवर कनूप्रवासाचे चित्रण करवून घेतले आणि ते ब्रिटनमधल्या व्याख्यान-दौऱ्यात दाखवले. पिसे, वेण्या आणि हरणाच्या कातड्याचा पोशाख यांसह लोकांनी त्याला मूळनिवासी मानले होते. पुढच्याच वर्षी तो वारला आणि उघडकीला आले की हा इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा आर्चिबाल्ड बिलेनी. नदी खरी, खळाळ खरा, वल्हवण्याचे कसबही खरे. सोंग होते ते फक्त माणसाचे. मेसनने लांडग्यांवरच्या ‘क्राय ऑफ द वाइल्ड’मध्ये याच्या उलट वाट धरली. रानातले लांडगे हवे तितके जवळ येईनात, तेव्हा त्याने ते कुंपणात पाळून चित्रित केले, आणि ते कुंपण चित्रपटातच दाखवून टाकले. प्रेक्षकाला विश्वासात घेणे म्हणजे काय, याचा तो नमुना आहे.

या परंपरेतला सर्वांत शांत आणि कदाचित सर्वांत नेमका चित्रपट प्रवासाचा नाहीच. 1971 मध्ये बर्नार गोसलँ यांनी मॉन्ट्रियलच्या उत्तरेकडच्या मनावान वस्तीत सेझार नेवाशीश या 67 वर्षांच्या अतिकामेक मूळनिवासी कारागिराला कनू बांधताना टिपले. निवेदन नाही. मधूनमधून क्री, फ्रेंच आणि इंग्रजीत दोन-चार शब्दांच्या पाट्या येतात, तेवढेच. भूर्जाची साल एकसंध सोलून निघते, देवदाराच्या फळ्या वाकतात, स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवण घातली जाते आणि राळेने सांधे बुजवले जातात. ज्या नावेला इतर चित्रपट स्वातंत्र्याचे प्रतीक वगैरे म्हणत राहतात, ती इथे कोणाच्या तरी हातची, कोणाच्या तरी पूर्वजांची वस्तू असते. ‘निर्मनुष्य रान’ हा शब्द या चित्रपटानंतर तितक्या सहजपणे वापरता येत नाही. ती तळी अनिशिनाबे, क्री, अतिकामेक अशा मूळनिवासी लोकांच्या रोजच्या वाटा होत्या; पोर्टाजच्या पायवाटाही बहुतांशी त्यांनीच पाडलेल्या. आजही कनूपटांत ही माणसे दिसतात ती बहुधा सुरुवातीच्या आभारापुरती.

2004 मध्ये लेस स्ट्राउडच्या ‘सर्व्हायव्हरमॅन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने कॅमेऱ्यासाठीचे ते लपवलेले माघारी येणेच समोर आणले. चमू नाही, कॅमेरे त्याचेच, आणि तो ते स्वतः लावतो, पुढे चालत जातो, परत येऊन उचलतो, वर त्याबद्दल कुरकुरतोही. ही कुरकुरच कार्यक्रमाचा कणा झाली. त्यानंतर काही वर्षांतच मुठीत मावणारे, पाण्यात बुडवले तरी चालणारे कॅमेरे आले; 2016 च्या सुमारास घडी घालून पिशवीत टाकता येणारे ड्रोन आले. आता काठावर उभ्या मित्राची गरज उरली नाही. कनूच्या नाकावर एक कॅमेरा, छातीवर एक, आणि डोक्यावर घिरट्या घालणारा एक.

यूट्यूबवरचा आजचा कनूपट यातून जन्मला. ऑंटारिओचा जो रॉबिनेट कुत्र्याला घेऊन निघतो, तंबू ठोकतो, मांस भाजतो. जिम बेअर्ड उत्तरेकडच्या अवघड नद्या उतरतो. केव्हिन कॅलन फजितीवर हसत हसत माहिती देतो. यांच्याकडे नाक मुरडणे सोपे आहे, पण मेसनला जे परवडले नाही ते यांना साधते, ते म्हणजे वेळ. दिवसभराची रिपरिप, ताडपत्रीच्या कडेवरून गळणारी धार, ओले लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढणे, त्याच्या पातळ ढलप्या करणे, दोनदा विझून तिसऱ्यांदा पेटलेली काडी. रिळाच्या जमान्यात याचे सहा सेकंद झाले असते. इथे वीस मिनिटे होतात, आणि कंटाळा हाही या प्रवासाचा भाग असल्याने ती खरी वाटतात.

बिघडते ते निवडीत. साठवण जवळजवळ फुकट झाल्याने काय ठेवायचे हा प्रश्नच मागे पडला. ठरावीक व्याकरण तयार झाले आहे: गाडीवर बांधलेली कनू, वरून टिपलेले तळे, नाकावरून दिसणारे क्षितिज, तव्यावर चरचरणारे काही, तारांकित आकाश. वरून टिपलेल्या दृश्याने तर खास नुकसान केले. तीनशे फुटांवरून प्रत्येक तळे नकाशासारखे सुंदर दिसते, पण लाटेची उंची नाहीशी होते. जो वारा वल्हवणाऱ्याला दोन दिवस काठावर अडकवून ठेवतो, तो वरून नुसता चकचकाट असतो. शिवाय ऑंटारिओच्या प्रांतिक उद्यानांत ड्रोन उडवायला मनाई आहे आणि अमेरिकेतल्या संरक्षित रानांतून तो उडवता किंवा तिथे उतरवता येत नाही. म्हणजे नियम पाळणाऱ्याला नाइलाजाने पुन्हा मेसनच्या उंचीवर यावे लागते. कलेच्या दृष्टीने हा तोटा नाही.

आवाजाची हेळसांड याहून जुनी. उत्तरेच्या तळ्यांवर लून पक्ष्याच्या चार वेगवेगळ्या हाका असतात. लांब विव्हळ, थरथरते हसल्यासारखे ओरडणे, नराची हद्द सांगणारी आरोळी आणि जवळच्यांसाठीची हलकी हूक. कान असलेला दिग्दर्शक रात्रीचा एक प्रसंग नुसत्या यांवर उभा करू शकेल. बहुतेक ठिकाणी मात्र लूनच्या विव्हळण्यावर पियानो चढवला जातो. वल्हे कनूच्या काठावर आपटल्याचा लाकडी ठोकाही पुसून टाकतात, कारण तो नवखेपणाची खूण. मेसनच्या पटांत तो ठोका ऐकू येतो.

परिणामांचाही विचार करायला हवा. 1972 च्या ‘डिलिव्हरन्स’ या हॉलिवूडपटात चटूगा नदीवर चित्रित झालेला कनूप्रवास भीषण होतो, तरी चित्रपट पाहून लोकांची रीघ लागली ती त्याच नदीवर. मिनेसोटाच्या बाउंडरी वॉटर्स रानात एका गटात नऊच माणसे आणि चारच नावा चालतात, आणि ही मर्यादा चित्रीकरण करणाऱ्यांनाही तशीच लागू आहे. यूट्यूबवर मात्र एका माणसामागून लाखो जण त्याच तळ्यावर डोळ्यांनी पोचतात, त्यातले थोडे प्रत्यक्षही. म्हणून अलीकडे काही जण तळ्याचे नावच सांगत नाहीत. प्रेक्षक चिडतात, पण ठिकाण सांगायचे नाही म्हटल्यावर ते दाखवण्याची जबाबदारी वाढते, हेही त्यातून शिकायला मिळते.

या सगळ्या गजबजाटात डायान व्हेलन यांचा ‘500 डेज इन द वाइल्ड’ 2023 मध्ये आला. जुलै 2015 मध्ये त्या न्यूफाउंडलंडहून कॅनडा ओलांडणाऱ्या 24,000 किलोमीटरच्या वाटेवर निघाल्या. पायी, सायकलने आणि कनूने. पाचशे दिवसांत संपवायचे असा बेत होता. लागली सहा वर्षे. चित्रपटाचे नाव त्यांनी बदलले नाही. चुकलेला बेत पाटीवरच ठेवला आहे, आणि वाटेत भेटलेल्या मूळनिवासी माणसांना आभारापुरते न ठेवता बोलू दिले आहे. कॅमेरा लावून पुढे जाणे, मागे येणे, कधी कोणाची सोबत मिळणे, कधी कोणीच नसणे, हे सारे त्यात उघड आहे. या वाटेत सुपीरियर सरोवरही येते. मेसन ज्या किनाऱ्याने रंगांची पेटी घेऊन गेला, त्याच पाण्यावर व्हेलन यांची कनू दिसते: पाण्यालगतची चौकट, हातभर लाट, आणि वल्हवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर आता काठ गाठायला हवा याची काळजी.