निःशुल्क आयात आणि स्थानिक अर्थव्यवस्था : एका युक्तिवादाची चिकित्सा

निर्यातीसाठी लागणारा माल शुल्काविना आयात करू देण्याच्या योजनांचे समर्थन करताना एक विधान इतक्या सहजतेने केले जाते की, त्याची छाननी करण्याची गरज क्वचितच कोणास भासते. शुल्कमाफीमुळे देशी कारखानदाराचा खर्च घटतो, निर्यात वाढते आणि ओघानेच त्या परिसराचा उत्कर्ष होतो, असे ते विधान आहे. त्याचा पहिला भाग खरा आहे. किंबहुना समर्थक सांगतात त्याहूनही तो अधिक खरा आहे. अडचण आहे ती ‘ओघानेच’ या शब्दाची.

एखाद्या वस्तूची जागतिक किंमत १०० रुपये असून तीत ६० रुपयांचा परदेशी माल लागतो असे मानू. देशी श्रम, भांडवल आणि नफा यांच्या वाट्यास ४० रुपये उरतात. त्या मालावर ४० टक्के आयातशुल्क बसले, तर २४ रुपये सरकारजमा होतात. आणि परदेशी बाजारात किंमत वाढविणे निर्यातदाराच्या हाती नसल्यामुळे तेच सर्व काम १६ रुपयांत उरकावे लागते. शुल्काचा दर ४० टक्के दिसतो. देशी कामावर पडणारा भार मात्र ६० टक्क्यांचा असतो. मॅक्स कॉर्डन, बेला बलासा प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात परिणामी संरक्षणाची जी उपपत्ती मांडली, तिचा इत्यर्थ हाच होय. म्हणून अशा माफीस देणगी म्हणणे योग्य नव्हे. ती चुकीच्या जागी पडलेल्या कराची दुरुस्ती आहे. जागतिक व्यापार संघटनेचा अनुदानविषयक करारही, निर्यात मालात प्रत्यक्ष खर्ची पडलेल्या वस्तूंवरील शुल्क आकारलेल्या रकमेच्या मर्यादेत माफ केल्यास, त्यास अनुदान समजत नाही.

येथवर कारखानदाराच्या लाभाचा विचार झाला. परिसराच्या लाभाचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याची कसोटी भारतातच उपलब्ध आहे. कांडला येथे १९६५ साली देशातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र उघडले. मुंबईत सांताक्रूझचे नाव धारण करणारे, परंतु वस्तुतः अंधेरीत असलेले क्षेत्र १९७३ साली, इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी, सुरू झाले. शुल्कातून सुटका दोन्हीकडे होती. तथापि कांडल्याची पहिली वर्षे अत्यंत मंद गेली, आणि पुढे तेथील निर्यातीस जो जोर आला तो बव्हंशी सोव्हिएत संघाच्या मागणीमुळे; ती मागणी १९९१ च्या सुमारास कोसळताच त्या जोराचे मूळ कोठे होते हे उघड झाले. अंधेरीला विमानतळ जवळ होता, शिकलेला कामगार होता, बँका आणि दलाल होते. शुल्कमाफीने हे काही निर्माण केले नाही. जे अगोदर होते ते तिने कामी लावले.

अंधेरीचे उदाहरणही निर्भेळ नाही. क्षेत्राभोवतीची भिंत ही जकातीची सरहद्द असते. आतील कारखान्याने देशांतर्गत बाजारात माल विकला, तर त्यावर परदेशी मालाप्रमाणेच शुल्क बसते. सुटे भाग परदेशातून येतात आणि जुळणी होऊन परदेशी जातात. भिंतीबाहेर जाते ती मुख्यतः मजुरी. ती क्षुल्लक नव्हे. अनेक तरुण स्त्रियांना पहिला नियमित पगार याच कारखान्यांनी दिला. परंतु आल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ साली विकासाच्या मुळाशी ठेवलेली जी धंद्यांची परस्पर-साखळी, तिचे दुवे मजुरीने आपोआप जुळत नाहीत.

हिऱ्यांच्या धंद्यात हाच भेद अधिक स्वच्छ दिसतो. कच्चा हिरा शुल्काविना येतो, सुरत, नवसारी, भावनगर येथील कारागीर त्यास पैलू पाडतात आणि मुंबईहून तो परदेशी रवाना होतो. शुल्कमाफीचे याहून चांगले उदाहरण शोधणे कठीण. कारण आयात आणि निर्यात यांच्या दरम्यान माणसाच्या हाताचे काम आहे. परंतु पैलू पाडलेला हिराही शुल्काविना येऊ लागला, तेव्हा तेच खडे उलाढाल फुगविण्यासाठी आत-बाहेर फिरविले जातात, असा संशय बळावला, आणि जानेवारी २०१२ मध्ये सरकारने त्यावर २ टक्के शुल्क बसविले. दोन्ही व्यवहार निर्यातीच्या आकड्यांत सारखेच दिसतात! सरकारी अटींनाही हा भेद पुरता टिपता येत नाही. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांनुसार निव्वळ परकीय चलनप्राप्ती पाच वर्षांच्या हिशेबात शून्याहून अधिक असली की पुरे. स्थानिक खरेदी किती आणि रोजगार किती, हे विचारले जात नाही. अग्रिम परवान्यास सामान्यतः १५ टक्के मूल्यवृद्धीची अट आहे. ती त्या मानाने बरी, पण त्या १५ टक्क्यांत नफा किती आणि मजुरी किती हे तीही सांगत नाही.

शुल्क माफ कोणत्या मार्गाने होते, या गोष्टीकडे समर्थकांचे आणि विरोधकांचेही लक्ष क्वचितच जाते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये मिळणारा परतावा बहुतेक वस्तूंना उद्योगाच्या सरासरी दराने मिळतो. म्हणजे शेजारच्या गावचे सूत किंवा रसायन वापरणाऱ्या निर्यातदारासही तो मिळतो, आणि परदेशी माल घेण्याचे प्रलोभन त्यातून उत्पन्न होत नाही. अग्रिम परवान्याचे तसे नाही. तेथे माफी आयातीस आहे; देशी पुरवठादाराला तिच्याशी स्पर्धा करावी लागते, आणि त्याच्या स्वतःच्या कच्च्या मालावरील शुल्क मात्र त्याच्या किमतीत मुरलेले असते. परवाना देशी खरेदीकडे वळविण्याची आणि अशा विक्रीस निर्यात मानण्याची सोय नियमांत आहे, हे खरे. पण तिच्यासाठी लागणारी कागदपत्रे व हमीपत्रे मोठी पेढी जितक्या सहजतेने पुरी करते, तितकी दहा माणसांचा कारखाना करू शकत नाही. उलट, परताव्यातही निर्यातदाराला शुल्क आधी भरून पैशाची वाट पाहावी लागते, आणि खेळते भांडवल अडकल्याचे व्याज पुन्हा लहानासच अधिक जाचते. एका मार्गात लहान पुरवठादाराची गैरसोय आहे, दुसऱ्यात लहान निर्यातदाराची. आणि या दोघांपैकी कोणाला वाचवायचे याचे उत्तर प्रत्येक धंद्यात सारखे असण्याचे कारण नाही.